चाळीसपैकी शून्य

"आजोबा, हे मोजे एक किलो दोनशे ग्रॅम भरले," काकूंची पुतणी वजनकाट्यावरून नजर न हलवता म्हणाली. "पाय कुणाचे आहेत?"

काउंटरपलीकडच्या म्हाताऱ्याने छताकडे बघितलं. "नातवाचे. वाढत्या वयाचा आहे तो."

पुतणीने मोज्यात हात घातला आणि मधाची बरणी बाहेर काढली. घरची बरणी, झाकणाला दोरा गुंडाळलेला.

"ते... त्याच्या खोकल्यासाठी."

"घरचा मध सीमेपलीकडे चालत नाही, आजोबा. खोका उघडतील, मध फेकतील आणि बाकीचं सामान दोन महिने अडकवून ठेवतील. नातवाला मोजेही नाहीत आणि मधही नाही."

"मग एवढ्या मधाचं मी काय करू?"

"तुम्ही खा. खोकला तुम्हालाही दिसतोय."

मागच्या टेबलावर बसलेल्या काकूंना हसू आलं. त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला आणि उठून उघड्या खोक्यापाशी आल्या. स्वेटर एक, लाकडी कोडी तीन, चित्रांची वही एक, मोजे एक जोडी. यादीशी एकेक वस्तू ताडून बघितली, तळाशी हात फिरवला, मग पुतणीला खूण केली. पुतणीने खोक्याला आडवी-उभी चिकटपट्टी मारली आणि काकूंनी कस्टमच्या घोषणापत्रावर सही केली. हा त्यांचा नियम होता. उघडा बघितला नाही अशा खोक्यावर त्या सही करत नसत. एकदा पंपाच्या सुट्या भागांच्या चौदा लाकडी पेट्या सुताराने खिळे ठोकून बंद करून टाकल्या होत्या. काकूंनी चौदाच्या चौदा उघडायला लावल्या. सुतार त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा. तोही त्यांना काकूच म्हणायचा आणि त्या दिवसापासून खिळे ठोकण्याआधी गोदामातून हाक मारायचा, "काकू, दर्शनाला या!"

कंपनीत अकरा माणसं होती. घरगुती पार्सलं पुढच्या खोलीत, व्यापारी माल मागच्या गोदामात, आणि वरच्या मजल्यावर काकूंच्या दिरांचं ऑफिस. परवाना दिरांच्या नावावर होता. पण नुसत्या परवान्यावर एक पाकीटसुद्धा सीमेपलीकडे जात नसे. कस्टमचा नियम असा, की प्रत्येक कंपनीत परीक्षा पास झालेला एक जबाबदार स्वाक्षरीदार हवा. त्याच्या नावाचं कार्ड असतं. प्रत्येक घोषणापत्रावर त्याचीच सही लागते, आणि तो सलग तीस दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिला तर कंपनीचा परवाना थांबतो. एकोणीस वर्षं ते कार्ड काकूंच्या नावावर होतं. नवरा होता तेव्हापासून. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, कार्ड राहिलं.

आणि आता काकूंना जायचं होतं.

त्यांचे थोरले भाऊ, अण्णा, सीमेपलीकडे एकटे राहत होते. अडीच वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. शेजारीण दुपारी येऊन जेवण ठेवून जायची. बाकी दिवस अण्णा, खुर्ची आणि खिडकी. काकूंनी लगेच तिथे राहण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला होता. परवानगी यायला दोन वर्षं लागली. ती आली तीही मुदतीची: या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेपर्यंत सीमा ओलांडली नाही तर रद्द, आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज. अण्णांकडे आणखी दोन वर्षं आहेत असं डॉक्टर म्हणत नव्हते. अण्णा स्वतः फोनवर अर्धवट जिभेने एवढंच म्हणायचे, "तुझं घोडं कुठे अडलंय?"

घोडं पुतणीच्या परीक्षेपाशी अडलं होतं. दिरांची ही एकुलती मुलगी सव्वीस वर्षांची, चार वर्षं काउंटरवर. ती पास झाली की कार्ड तिच्या नावावर होणार आणि काकू मोकळ्या. सहा महिन्यांतून एकदा परीक्षा. दोनदा ती नापास झाली होती. तिसरी मागच्या महिन्यात झाली आणि निकाल आज, पाच तारखेला, यायचा होता.

अकरा वाजून वीस मिनिटांनी दीर जिना उतरून खाली आले. त्यांच्या हातात छापलेला कागद होता, आणि चेहऱ्यावरून काय छापलंय ते कळत होतं.

"छकुली," ते म्हणाले, "आता काय करू मी तुझं? पार्सल करून पाठवू?"

"यादीत काय लिहाल, बाबा?"

"'वापरलेली घरगुती वस्तू, किंमत नाही.'"

सुतार गोदामाच्या दारातून हसला. पुतणीही हसली. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं नाही. तेवीस दिवस आहेत हे न बघताच माहीत होतं.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका," दीर म्हणाले. "सहा महिने काय, असे जातात. अण्णांसाठी आपण एखादी बाई बघू तिकडे. फोनवरून बघू. मी बोलतो."

"परवानगी अठ्ठावीसला संपते, भाऊजी."

"पुन्हा काढू की. कागदपत्रं काढण्यात आपला हात कोण धरणार आहे?"

हे ते मनापासून म्हणाले. दीर वाईट माणूस नव्हते. तरुणपणी ही परीक्षा त्यांनी स्वतः पाच वेळा दिली होती आणि पाचही वेळा आपटले होते. म्हणून तर थोरल्या भावाने, म्हणजे काकूंच्या नवऱ्याने, बायकोला परीक्षेला बसवलं, आणि ती पहिल्या फटक्यात पास झाली. तेव्हापासून दिरांना काकूंचा धाक होता आणि आधारही. काकू जाणार म्हटलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि तोंडचं पाणी पळालं की ते विनोद करायचे.

निकालाचा कागद काकूंनी मागून घेतला. दीर वर गेल्यावर तो टेबलावर पसरला आणि नेहमीच्या सवयीने ओळीने वाचत गेल्या. विभाग पहिला, कागदपत्रं: पन्नासपैकी चव्वेचाळीस. विभाग दुसरा, मालाचं वर्गीकरण: पन्नासपैकी एकेचाळीस. विभाग तिसरा, निषिद्ध आणि मर्यादित वस्तू: सोडवलेले प्रश्न चाळीस, बरोबर उत्तरं शून्य. प्रत्येक विभागात निम्मे गुण हवेत. म्हणून नापास.

काकू त्या शून्यापाशी थांबल्या.

निषिद्ध वस्तू. सतरा देशांच्या याद्या त्या मुलीला तोंडपाठ होत्या. कुठे बियाणं चालत नाही, कुठे पत्र्याचे डबे, कुठे जुनी पुस्तकं कीड तपासल्याशिवाय जात नाहीत, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगायची. सुतार कधी कधी पैज लावून हरायचा. पण तेही सोडा. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. सुताराने डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी आठ-दहा बरोबर आली असती. दीर पाच वेळा आपटले, तेव्हाही त्यांना कधी तेरापेक्षा कमी नव्हते. न येणाऱ्या माणसाला शून्य मिळत नाही. चाळीसच्या चाळीस उत्तरं चुकवायची असतील तर चाळीसच्या चाळीस बरोबर उत्तरं माहीत हवीत.

त्यांनी कागदाची घडी घातली. जेवणाच्या सुट्टीत पुतणी गोदामात डबा घेऊन बसते हे त्यांना माहीत होतं. आज त्याही तिकडे गेल्या. सुतार बाहेर ऊन खात बसला होता. आत कोऱ्या लाकडाचा वास, भिंतीला लावून उभ्या केलेल्या रिकाम्या पेट्या, आणि एका उलट्या पेटीवर पुतणी.

काकूंनी कागद तिच्या मांडीवर ठेवला. "एखादं तरी बरोबर ठेवायचंस."

पुतणीने घास गिळला. नाकारण्याचा प्रयत्न तिने केला नाही. "धोका होता," ती म्हणाली. "पहिल्यांदा सगळीकडे थोडं थोडं चुकवलं. दुसऱ्यांदाही तसंच, पण तेव्हा फक्त दोन गुणांनी वाचले, काकू. दोन गुणांनी! रात्रभर झोप नव्हती. म्हणून या वेळी म्हटलं, एकाच विभागात करायचं, पण पक्कं करायचं. कोरी सोडली असती तर बाबांना कळलं असतं. सोडवलेले प्रश्न छापून येतात ना."

"पक्कं केलंस खरं."

"तुम्हीच शिकवलंय. अर्धवट काम करायचं नाही."

काकू समोरच्या पेटीवर बसल्या. रागवायचं म्हणून आल्या होत्या. पण तिच्या तोंडून आपलंच वाक्य ऐकल्यावर रागाला जागा उरेना. "मला अण्णांकडे जायचंय हे तुला माहीत आहे. तारीखही माहीत आहे."

"माहीत आहे." तिने डबा बंद केला. "तुम्हाला काय वाटतं, मला काही वाटत नाही? अण्णांचा फोन मीच लावून देते तुम्हाला. पण काकू, मी पास झाले की तुम्ही सुटता. मला कोण सोडवणार? मला मूल होईल, ते सव्वीस वर्षांचं होईल, मग ते परीक्षा देणार? हे कार्ड आहे की खानदानी आजार आहे?"

"तुला दुसरं काय करायचंय?"

"ते अजून कळलेलं नाही. ते कळेपर्यंत तरी मोकळं राहायला नको?"

बाहेर सुतार खोकला. काकूंना एकोणीस वर्षांपूर्वीच्या स्वतःला असं काही विचारावंसं वाटलं होतं का, ते आठवेना. त्या म्हणाल्या, "एखाद्या विभागात शून्य असेल तर उत्तरं तपासणाऱ्या यंत्राची चूक धरतात. कार्डधारकाने शिफारस केली तर पंधरा दिवसांत तोंडी परीक्षा घेतात. माझ्या एका सहीचं काम आहे. समोर अधिकारी बसलेला असताना तुला मुद्दाम चुकता येणार नाही. तुला ते जमतच नाही."

"तो नियम मलाही माहीत होता."

"मग?"

"मला वाटलं, तुम्ही अर्ज करणार नाही." पुतणीने त्यांच्याकडे सरळ बघितलं. "स्वतःसाठी तुम्ही कधी कुठला अर्ज भरलाय? अण्णांच्या परवानगीचासुद्धा मी भरला. तुम्ही सही केलीत."

राजीनामा हा एक रस्ता होता. पण राजीनामा दिला त्या दिवशी परवाना थांबणार आणि अकरा माणसं घरी बसणार. तो कागद त्यांनी मनात बरेचदा लिहिला होता आणि दर वेळी सुताराचं तोंड आठवून फाडला होता.

"मी तोंडी परीक्षा देते," पुतणी एकदम म्हणाली. "सातव्या रकान्यात 'मुदतीची' लिहा, मग देते."

"कुठला सातवा रकाना?"

"नेमणुकीच्या अर्जातला. कायम की दोन वर्षांची मुदत, ते आपण ठरवायचं असतं. सगळे कायमच लिहितात. कुणी वाचतच नाही." तिने डबा बाजूला ठेवला. "काकू, तुमच्याही अर्जात होता तो. रकाने तेव्हापासून बदललेले नाहीत."

दुपारी तीन वाजता काकूंनी लोखंडी कपाटातून स्वतःची फाइल काढली. अर्ज चार पानी होता. अक्षर नवऱ्याचं, टपोरं, थोडं उजवीकडे झुकलेलं. पहिला रकाना, दुसरा, तिसरा. सातव्यात 'कायम'च्या चौकटीत बरोबरची खूण होती, जोर देऊन केलेली, मागच्या पानावर उमटलेली. शेवटी काकूंची सही. सही केली तो दिवस त्यांना चांगला आठवत होता. ओट्यापाशी उभ्या होत्या, हात ओले होते. नवरा म्हणाला, "इथे कर," आणि त्यांनी हात पदराला पुसून केली. चौदा पेट्या उघडायला लावणारी बाई. तिने स्वतःचा खोका बंदच्या बंद पाठवून दिला होता.

नवऱ्याने फसवलं असं त्यांना वाटलं नाही. त्याने बहुतेक विचारच केला नसेल. तेच त्यांना जास्त लागलं.

त्यांनी नेमणुकीचा कोरा अर्ज काढला आणि स्वतःच्या हाताने भरायला घेतला. सातव्या रकान्यात 'मुदतीची'. मग पान उलटून मागची बारीक छपाई वाचली, एकदा आणि पुन्हा एकदा. अकराव्या कलमापाशी त्यांचं बोट थांबलं. मग शिफारसपत्रही लिहिलं.

संध्याकाळी सह्यांचा गठ्ठा वर जायचा. ज्या कागदांवर परवानाधारकाची सही लागते तिथे काकू पेन्सिलीने फुली करून ठेवायच्या आणि दीर फुली दिसेल तिथे सही करत जायचे. कधी टेलिफोनवर बोलता बोलता, कधी चहा पिताना. आजचा अर्ज गठ्ठ्यात मध्ये घातला असता तरी त्यावर सही झाली असती. काकूंनी तो शिफारसपत्रासह वेगळा ठेवला आणि स्वतः जिना चढून गेल्या.

"हा वाचून करा, भाऊजी."

"मी? वाचून?" दीर हसले. "मग तुम्हाला कशाला ठेवलंय?"

"वाचा."

त्यांनी चष्मा लावला. वाचता वाचता त्यांचं हसू उतरत गेलं. "तोंडी परीक्षा? अरे वा. म्हणजे छकुली पास... हे काय? दोन वर्षं?"

"हो."

"आणि दोन वर्षांनी मी काय करू? दारावर पाटी लावू? 'सही करणारं माणूस पाहिजे, पळून न जाणारं'?"

"लावा. बाहेरचं माणूस पगारावर ठेवता येतं. दुसऱ्या कंपन्या ठेवतात."

"घरचं ते घरचं, वहिनी. दादा असता तर त्याला हे पटलं नसतं."

"एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी 'कायम'वर खूण केली," काकू म्हणाल्या. "मला विचारलं नव्हतं. तुम्ही तुमच्या मुलीला विचारा."

खिडकीतून खालच्या अंगणात मालाचा ट्रक मागे घ्यायला लावणाऱ्या क्लीनरचा आवाज येत होता, येऊ दे, येऊ दे, बस. दिरांनी अर्ज उलटला, नुसतं हाताला काहीतरी चाळा म्हणून, आणि मागची बारीक छपाई डोळ्यांजवळ धरली. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. अकराव्या कलमाशी आल्यावर त्यांचे ओठ हलायला लागले.

"'मुदत संपताना नवा स्वाक्षरीदार उपलब्ध नसल्यास,'" त्यांनी मोठ्याने वाचलं, "'पूर्वीच्या कायम धारकाने नव्वद दिवसांत हजर होऊन जबाबदारी स्वीकारावी. अन्यथा परवाना रद्द.'" त्यांनी वर बघितलं. "पूर्वीच्या कायम धारक म्हणजे तुम्ही."

"मीच."

"म्हणजे कुणी मिळालं नाही तर तुम्ही परत येणार."

"कलम तसं म्हणतं."

"मग हे आधी नाही का सांगायचं!" त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पेन उघडलं आणि फुली शोधली. फुली नव्हती. काकूंनी बोट ठेवून जागा दाखवली. दिरांनी ऐटीत सही केली. "दोन वर्षं अण्णांची सेवा करा. इकडची काळजी नको. तुमची खुर्ची कुठे जात नाही."

एवढ्याचसाठी त्यांनी सही केली, हे काकूंना दिसत होतं. दुपारी स्वतः कलम वाचलं तेव्हाच त्यांना माहीत होतं, की 'दोन वर्षं' वाचून दीर अडतील आणि हे कलम वाचलं की लगेच सही करतील. त्यांनी कागद उचलला. जिना उतरताना पाय हलके होतील असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

एकोणीस तारखेला सकाळी साडेदहा वाजता कस्टमच्या इमारतीत तोंडी परीक्षा झाली. काकूंना बाहेर बाकावर बसवलं होतं. दार बंद असलं तरी पुतणीचा आवाज ऐकू येत होता. शब्द नाही, नुसता सूर. प्रश्न, लगेच उत्तर. प्रश्न, लगेच उत्तर. मध्ये एकदा बरीच शांतता पसरली आणि काकू बाकाच्या कडेला सरकल्या. मग पुन्हा तो सूर सुरू झाला. त्या शांततेत आपण नेमकी काय आशा केली, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

पावणेबाराला पुतणी बाहेर आली. हातात कार्ड, त्यावर ताजा फोटो, शाई अजून ओली.

"मध्ये अडलीस कुठे?"

"वाळलेल्या फुलांपाशी. उत्तर येत होतं." ती कार्डाकडे बघत होती. "दोन्ही उत्तरं येत होती."

दोघी पायऱ्या उतरायला लागल्या. मधल्या पायरीवर थांबून पुतणीने कार्डाची मागची बाजू वाचली. सलग तीस दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहता येणार नाही. पत्ता बदलल्यास सात दिवसांत कळवावं. आजारी पडल्यास त्याच दिवशी. खोक्यात यादीत नसलेली वस्तू हाताला लागल्यावर तिचा चेहरा जसा व्हायचा, तसा वाचताना झाला होता.

"दोन वर्षांनी याल?" तिने विचारलं.

"तू माणूस शोध. बाबा शोधणार नाहीत, त्यांना आता घाई नाही. तू आजपासून शोध."

"याल का ते सांगा."

"माहीत नाही," काकू म्हणाल्या. खोटं बोलायचं होतं, जमलं नाही.

पुतणीने कार्ड पर्समध्ये टाकलं. "जाताना मला निरोप द्यायला काउंटरवर येऊ नका," ती म्हणाली. "माझ्यापुढे कुणाचा तरी खोका उघडा असेल, आणि मला चीड येईल."

ती कामावर गेली. काकू रस्ता ओलांडून तिकिटांच्या ऑफिसात गेल्या. रांगेत चार जण होते. नंबर आल्यावर काचेपलीकडच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "जायचं, की जाऊन यायचं?"

काकूंनी दोन वर्षं आणि नव्वद दिवस मोजले. "परतीचं तिकीट किती दिवस चालतं?"

"एक वर्ष."

"दोन वर्षं तीन महिन्यांनंतरचं नाही मिळत?"

त्या माणसाने आता मान वर केली. "बाई, एवढ्या पुढचं कुठलीच गाडी देत नाही."

मागचं गिऱ्हाईक पुढे सरकून त्यांच्या पाठीला टेकलं होतं.

"मग जायचंच द्या," काकू म्हणाल्या. "पंचवीस तारखेचं." आणि तिकीट हातात आल्यावर रांगेच्या बाजूला उभं राहून त्यांनी ते पुढून वाचलं, मागून वाचलं, पुन्हा पुढून वाचलं, सगळं, बारीक छपाईसकट.